पशुवैद्यकात फक्त इमेजिंग करायचं, शिकवायचं, त्यातच संशोधन करायचं: इथं राहून जमेल का? (इंदूर-महू)

रामबागकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, शिक्षण महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.ची साडेचार वर्षं झाली, आता वर्षभराची इंटर्नशिप चालू आहे. पुढे एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करायचं हे नक्की. अडलंय ते विषयापाशी.

मला एक्स-रे, अल्ट्रासाउंड, सीटी यांत मनापासून रस आहे. ऑपरेशन करण्यात तेवढा नाही. जनावर टेबलावर घेतलं की बाकीचे इंटर्न सर्जनच्या हातांकडे बघतात, मी प्लेटकडे. पण आपल्या देशात हा विषय 'व्हेटरनरी सर्जरी अँड रेडिओलॉजी' असा जोडूनच येतो. एम.व्ही.एस्सी. सर्जरीत, पीएच.डी. सर्जरीत, नोकरीही सर्जरीच्या जागेवर, आणि त्यातून वेळ काढून इमेजिंग. माणसांच्या डॉक्टरांना रेडिओलॉजीत स्वतंत्र एम.डी. करता येते. आमच्याकडे ती वाट दिसत नाही.

घरी बाबांचं म्हणणं, एमपीपीएससी (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची परीक्षा) देऊन पशुचिकित्सा सहायक शल्यज्ञ हो, सरकारी नोकरी आहे, घराजवळ राहशील. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. पण मला शिकवायचं आहे आणि शिकवायचं तर हेच. कुणी या वाटेनं गेलं असेल, किंवा कुणाला जवळून माहीत असेल, तर सविस्तर लिहाल का?

नर्मदातीर

वाचतोय. माझी भाची बारावीला आहे, तिच्याही डोक्यात पशुवैद्यक आहे. धागा वर राहू द्या.

शल्यशाला

पस्तीसेक वर्षं शल्यचिकित्सा आणि रेडिओलॉजी शिकवली, बहुतेक महाराष्ट्रात. निवृत्तीनंतर सुदामा नगरला राहतो. तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण एवढ्या स्पष्टपणे हा विषय मागणारे विद्यार्थी फार थोडे भेटले.

आधी ही जोडी का झाली ते सांगतो. राँटगेननं १८९५च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि १८९६ मध्येच युरोपात घोड्याच्या पायाची क्ष-किरण चित्रं काढली गेली. तेव्हा घोडा म्हणजे फौज आणि वाहतूक. लंगडणारा घोडा सर्जनकडे जायचा, म्हणून यंत्रही सर्जनच्या खोलीत गेलं. आपल्याकडे तीच रचना कायम राहिली. त्यात वाईटच होतं असं नाही. ज्यानं स्वतः कोटीपोट (रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं, मोठं पोट) उघडलंय, आत हात घालून जाळीपोटाची (त्याच्या पुढच्या, दुसऱ्या पोटाची) भिंत चाचपली आहे, त्याला प्लेटवर काय दिसतंय ते वेगळ्या खोलीनं कळतं. म्हणून सर्जरीची दोन वर्षं वाया गेली असं मानू नकोस.

आता म्हशीचं उदाहरण घे, कारण तुझ्या माळव्यात तेच रोज येणार. म्हैस खात नाही, रवंथ मंदावलंय, दूध आटलंय, पुढचे कोपर बाहेर काढून उभी राहते. गोठ्यात बांधणीची तार, खिळा, चाऱ्यातून पोटात गेलेलं काहीही. हे सगळं जड असल्यानं जाळीपोटात येऊन बसतं. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये श्वासपटल (छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा) असतं आणि अंतर थोडंसंच. जाळीपोट आकसलं की तार पुढे सरकते. कधी भिंतीत रुतते, कधी हृदयावरणापर्यंत पोचते. म्हशीत आणखी एक घोळ असा की श्वासपटलाचा हर्निया गाईपेक्षा तिच्यात बराच जास्त दिसतो. जाळीपोट छातीत शिरतं आणि वरवर लक्षणं तारेसारखीच वाटतात, अपचन, वारंवार फुगणं. हर्निया असेल तर आधी रुमेनोटॉमी (कोटीपोट उघडायचं ऑपरेशन) करून कोटीपोट रिकामं करतात, तार असेल तर काढतात, मग श्वासपटल शिवतात. म्हणजे चित्र वाचणाऱ्यानं सर्जनला सुरी हातात घेण्याआधी सांगायचं असतं की आत कुठलं काम वाट बघतंय. हे सांगणारा माणूस घडवायला वर्षं लागतात, आणि आपण त्याला वेगळी जागा देत नाही, याची मला नोकरीभर खंत वाटत आली.

एम.व्ही.एस्सी.साठी महू, जबलपूर आहेतच. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) अखिल भारतीय पीजी परीक्षेतून बाहेर जायचं असेल तर इज्जतनगरची आयव्हीआरआय ही संशोधन संस्था, लुधियानाचं गडवासू आणि चेन्नईचं तनुवास ही पशुवैद्यकीय विद्यापीठं, आपल्याकडे मुंबई, नागपूर. कॉलेजचं नाव बघून निवडू नकोस. गाईड कोण आहे आणि त्या विभागात रोज किती प्राण्यांची चित्रं निघतात आणि ती कोण वाचतं, एवढं जाऊन बघ. यंत्र असणं आणि त्यावर विद्यार्थ्याचा हात बसणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

गोठेवाला_देवास

आमच्याकडे म्हशी आहेत, आजोबांपासून. सरांनी कोपर बाहेर काढून उभं राहणं लिहिलंय ते अगदी बरोबर. आमच्या एका म्हशीचं असंच झालं होतं. उतारावर चालायला तयार नव्हती, चढाला मात्र चालायची. डॉक्टरांनी पाठीवर खांद्याजवळ चिमटा घेतला, तेव्हा ती पाठ वाकवेना, कण्हली. ते म्हणाले खिळा असणार.

पण मग एक्स-रेसाठी तिला टेंपोत चढवून शहरात न्यायची, उभ्यानं, दुखत्या पोटानं. पशुपालक इथेच थांबतो ताई. खर्चापेक्षा जनावर वाटेत पडेल याची भीती जास्त असते. तुम्ही हे शिकणार असाल तर गोठ्यात येऊन काय करता येतं ते आधी शिका, एवढंच सांगतो.

प्लेट_आणि_प्रोब

मी मूळची इंदूरची, वैशाली नगरची. इमेजिंगची रेसिडेन्सी (पदवीनंतरचं रुग्णालयातलं विशेष प्रशिक्षण) युरोपात केली, आता तिथंच एका विद्यापीठाच्या रुग्णालयात शिकवते. सरांचा आदर ठेवून थोडं वेगळं लिहिते.

सर्जरीतून इमेजिंगकडे येणारा माणूस एका सवयीनं बघतो: "मला ऑपरेशन करायचं आहे का?" या प्रश्नाचं उत्तर तो प्लेटमध्ये शोधतो आणि ते सापडलं की थांबतो. इमेजिंगच्या रेसिडेन्सीत पहिल्या महिन्यात ही सवय मोडतात. तार दिसली तरी थांबायचं नाही. कडेपासून कडेपर्यंत सगळी प्लेट वाचायची, प्रत्येक अवयवाची संख्या, जागा, आकार, आकृती, कड आणि अपारदर्शकता बघायची. अपारदर्शकतेच्या पाच पायऱ्या: हवा, चरबी, मऊ ऊती किंवा द्रव, हाड, धातू. यकृत आणि पाणी एकाच राखाडीत दिसतात, म्हणून पोटात पाणी झालं की अवयवांच्या कडा पुसल्या जातात. आणि अगदी रोड पिल्लातही त्या पुसटच दिसतात, कारण कडा वेगळ्या दाखवणारी चरबीच नसते. हा फरक शिकवायला पूर्ण वेळ देणारा शिक्षक लागतो. ऑपरेशनच्या दोन यादींमध्ये हे होत नाही.

बाहेरच्या वाटेबद्दल. युरोपात 'युरोपियन कॉलेज ऑफ व्हेटरनरी डायग्नॉस्टिक इमेजिंग', अमेरिकेत 'अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी रेडिओलॉजी', या तज्ज्ञांच्या संस्था. दोन्हीकडे क्रम साधारण सारखा: पदवी, मग रोटेटिंग (वेगवेगळ्या विभागांत फिरून करायची) इंटर्नशिप किंवा तेवढा प्रॅक्टिसचा अनुभव, मग तीन ते चार वर्षांची रेसिडेन्सी, मग परीक्षा. उत्तीर्ण झालात की डिप्लोमेट, म्हणजे मान्यताप्राप्त तज्ज्ञ. अमेरिकेत इंटर्नशिप आणि रेसिडेन्सीच्या बऱ्याचशा जागा एका मध्यवर्ती मॅचिंगमधून भरतात. भारतातलं कुठलंही कॉलेज अमेरिकेच्या एव्हीएमए या पशुवैद्यक संघटनेच्या मान्यता यादीत नाही, त्यामुळे तिथं परवाना हवा असेल तर ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह (परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणारे कार्यक्रम) हा वेगळा टप्पा पार करावा लागतो. तो महाग आहे आणि लांबतो. ब्रिटनमध्ये आरसीव्हीएस या नियामक संस्थेची स्वतःची परीक्षा. जागा फार थोड्या आणि अर्ज जगभरातून.

निवड करणाऱ्यांच्या टेबलावर मी बसते म्हणून सांगते, आम्ही गुणांपेक्षा दोन गोष्टी आधी बघतो. उमेदवारानं लिहिलेले रिपोर्ट, आणि तिला ओळखणाऱ्या इमेजिंगच्या माणसानं लिहिलेलं पत्र. दोन-तीन आठवडे कुठल्या तरी विभागात निरीक्षक म्हणून जाऊन आलेली, तिथल्या चर्चेत तोंड उघडून चुकलेली आणि शिकलेली मुलगी वेगळी कळते.

आणि जाण्याआधी इथलं काम करून ये. म्हशीच्या श्वासपटलाच्या हर्नियाची चित्रं माझ्या इथल्या सहकाऱ्यांनी पुस्तकात पाहिली आहेत. तुझ्याकडे त्या चालत येतील.

राखाडी_छटा

मी पशुवैद्यक नाही. इंदूरच्या एका माणसांच्या हॉस्पिटलात एक्स-रे तंत्रज्ञ आहे. तरी लिहितो, कारण करिअरच्या गप्पांत ही गोष्ट राहून जाते.

एकदा ओळखीतून एका खासगी प्राणी दवाखान्यात गेलो होतो. कुत्र्याला दोघं जण हातांनी धरून उभे, बोटं थेट झोतात, ॲप्रन घडी घालून कपाटावर, आणि टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला) मालकाच्या टेबलाच्या खणात. मला तिथं उभं राहवेना.

ताई, तुम्ही आयुष्यभर या खोलीत राहणार आहात. ॲप्रन विखुरलेल्या किरणांसाठी असतो, थेट झोतासाठी नाही, आणि हातमोज्यांचंही तेच. शिशाचा ॲप्रन घडी केला की आत चिरा पडतात, त्या बाहेरून दिसत नाहीत. तो दांड्यावर लटकवायचा. टीएलडी छातीवर, ॲप्रनच्या आत, आणि तो दर तिमाहीला वाचायला जायलाच हवा. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा किरणांच्या कामात असणाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसाला वर्षाला १. अंतर दुप्पट केलंत की किरणं चौथ्या हिश्श्यावर येतात, म्हणून एक पाऊल मागे जाणं हे सगळ्यात स्वस्त संरक्षण. यंत्राची नोंद एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर झालेली आहे का, हे नोकरीच्या पहिल्या दिवशी विचारा. विचारायला संकोचू नका.

प्राण्यांना "श्वास रोखा" सांगता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच गुंगीचं औषध, वाळूच्या पिशव्या, पट्ट्या आणि कमी वेळाचं एक्स्पोजर. गरोदर बाई आणि अठरा वर्षांखालचं कुणी जनावर धरायला नकोच, मालकाचा मुलगा कितीही उत्साही असला तरी.

शल्यशाला

राखाडी_छटा, तुमचा प्रतिसाद छापून प्रत्येक एक्स-रे खोलीच्या दारावर लावावा असा आहे. मनापासून आभार.

प्लेट_आणि_प्रोब यांचं म्हणणं मला पटतं, निम्मं. स्वतंत्र इमेजिंग विभाग हवा, हे मी बैठकांत मांडत आलो. पण तो होईपर्यंत मुलीनं कुठे उभं राहायचं? आहे त्या विभागात शिरून आतून जागा करावी लागते.

मालवा_पेट्स

इंदूरमध्ये कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतो. आमची बाजू सांगतो, कारण तुमचे विद्यार्थी पुढे आमच्याकडेच येणार.

गेल्या दहा-बारा वर्षांत डिजिटल एक्स-रे आणि अल्ट्रासाउंड शहरातल्या बऱ्याच दवाखान्यांत आलं. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं, तिथं सीटी, एमआरआय आहे. यंत्रं येताहेत, वाचणारे येत नाहीत. चित्र व्हॉट्सॲपवर फिरतं, दाबलं गेलेलं, डावं-उजवं न लिहिलेलं, आणि पाच डॉक्टर पाच मतं देतात. मूळ डायकॉम फाइल (यंत्रातून निघालेलं पूर्ण चित्र) पाठवा म्हटलं तर ती पुसलेली असते.

एक साधं उदाहरण. म्हाताऱ्या पॉमेरेनियनला खोकला. छातीचा आडवा एक्स-रे. हृदय मोठं आहे की नाही? नजरेनं सांगणारे पुष्कळ. ब्यूकॅनन आणि ब्यूखलर यांनी १९९५ मध्ये मणक्यांच्या मापानं हृदय मोजायची पद्धत दिली: हृदयाची लांबी आणि रुंदी घ्यायची, दोन्ही चौथ्या छातीच्या मणक्यापासून मागे मोजायच्या, बेरीज करायची. त्यांच्या कुत्र्यांत सरासरी ९.७ मणके आली. पण जातीजातीत फरक पडतो. आपली गावठी कुत्री, मुधोळ हाउंड, इथला पॉमेरेनियन, यांच्या मापांवर शांतपणे बसून काम करणारा विद्यापीठातला माणूस मला हवाय. प्रॅक्टिस करताना मला ते जमणार नाही. तुम्ही ते कराल तर माझ्याकडच्या फाइली उघड्या आहेत, मालकांच्या संमतीनं.

एआयबद्दल कुणी विचारेल म्हणून लिहून ठेवतो. छातीचा एक्स-रे टाकला की मिनिटांत यादी देणाऱ्या सेवा आल्या आहेत, मी एक वापरतो. उपयोगी आहे. पण तिला कुठल्या प्राण्यांच्या चित्रांवर शिकवलंय ते माझ्या पेशंटला लागू पडतं का, हे सांगायलाही तोच माणूस लागतो.

आईपण_इंदूरचं

रामबागकर, बाबांची काळजी मला कळते. माझ्या घरात हेच झालं. त्यांच्याशी पगाराच्या आकड्यावरून बोला, मोकळेपणानं. सातव्या वेतन आयोगात यूजीसीच्या वेतनश्रेणीप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. जागा निघायला मात्र वर्षं जातात, तेव्हा मधला काळ कंत्राटी किंवा खासगी प्रॅक्टिसवर काढावा लागेल, हेही त्यांना आधीच सांगा. मुली ते लपवतात आणि मग घरात विश्वास तुटतो.

आणि एमपीपीएससीची परीक्षा देऊन ठेवा. दिली म्हणून नोकरी घ्यायलाच हवी असं नाही.

रामबागकर (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद परत परत वाचले. बाबांनाही वाचून दाखवले. त्यांनी राखाडी_छटा काकांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, बॅज आधी, बाकी नंतर.

गोठेवाला काकांच्या म्हणण्यावर विचार केला. विषय साधारण असा डोक्यात येतोय: निरोगी म्हशींच्या जाळीपोटाचं गोठ्यातच अल्ट्रासाउंड, आणि नंतर तारेच्या व हर्नियाच्या संशयित म्हशींशी तुलना. गाईंमध्ये झुरिकच्या उएली ब्राउन यांचं काम वाचतेय. ३.५ मेगाहर्ट्झचा कॉन्व्हेक्स प्रोब (अल्ट्रासाउंडचा अंगावर टेकवायचा, वक्र तोंडाचा भाग), छातीच्या हाडाच्या मागे, खालून. निरोगी गाईत जाळीपोट अर्धचंद्रासारखं दिसतं, कड गुळगुळीत, आणि मिनिटाला साधारण एकदा दोन टप्प्यांत आकसतं. पहिल्यांदा अर्धवट, मग पूर्ण, इतकं की पडद्यावरून निघूनच जातं. इंटर्नशिपमध्ये एका म्हशीवर मी हे घड्याळ लावून पाहिलं. दुसऱ्या टप्प्याला जाळीपोट दिसेनासं होतं आणि परत येतं, ते पहिल्यांदा बघताना मी प्रोब हलला असंच समजले होते.

एम.व्ही.एस्सी.च्या दोन वर्षांत हे पेलेल का? सर, ताई, दोघांनाही विचारतेय.

प्लेट_आणि_प्रोब

पेलेल, आखूड केलंस तर. फक्त एक लक्षात ठेव: अल्ट्रासाउंडवर तार दिसेल अशी आशा धरू नकोस. जाळीपोटात वायू असतो, त्याच्या पलीकडे ध्वनिलहरी जात नाहीत. तुला दिसेल तो तारेचा परिणाम. फायब्रिनचे (सुजेत साचणाऱ्या चिकट प्रथिनाचे) पट्टे, चिकटलेली भिंत, पू, मंदावलेली किंवा थांबलेली हालचाल. तार दाखवायचं काम एक्स-रेचं. म्हणून तुझा प्रश्न "तार आहे का" असा न ठेवता "या म्हशीला शहरात न्यायची गरज आहे का" असा ठेव. गोठेवाला दादांनी नेमका तोच प्रश्न विचारलाय. हर्नियासाठी प्रोब पुढे, चौथ्या-पाचव्या बरगड्यांच्या फटीतही ठेव. तिथं जाळीपोटाची हालचाल दिसली तर ते छातीत आहे.

शोधनिबंध लिहिशील तेव्हा 'व्हेटरनरी रेडिओलॉजी अँड अल्ट्रासाउंड' चाळत राहा, मांडणी कशी करतात ते कळेल. आपल्याकडचं 'इंडियन जर्नल ऑफ व्हेटरनरी सर्जरी' तर वाचच, म्हशींचं काम तिथंच आहे.

शल्यशाला

माझी एकच अट. ज्या म्हशीचं तू चित्र काढशील, तिचं पुढे काय झालं ते तुझ्या वहीत असलंच पाहिजे. ऑपरेशन झालं तर सर्जनच्या शेजारी उभी राहा आणि चिकटलेलं जाळीपोट कुठल्या बाजूला होतं ते स्वतः बघ. दगावली तर शवविच्छेदनाला जा, रविवार असला तरी. रिपोर्ट आधी लिहायचा, तारीख-वेळ टाकून, सही करून. मग पोट उघडलेलं बघायचं. उलट क्रमानं लिहिलेला रिपोर्ट काही शिकवत नाही. आमच्या विभागांतून हजारो प्लेटा निघाल्या, पण त्यांच्यापुढे "नंतर काय आढळलं" हा रकाना बहुतेक वेळा कोराच राहिला. तो भरलेला संग्रह ज्या शिक्षकाकडे असेल, त्याच्याकडे विद्यार्थी आपोआप येतात आणि विद्यापीठालाही एक दिवस त्याच्यासाठी जागा काढावी लागते. स्वतंत्र पदाची मागणी मी कागदावर करत राहिलो. तू ती अशा संग्रहानं कर.

एवढ्यावर थांबू नकोस, वन्यप्राण्यांकडेही बघ. जबलपूरला विद्यापीठाचं वन्यजीव न्यायवैद्यक आणि आरोग्याचं केंद्र आहे. मेलेल्या बिबट्याच्या एक्स-रेमध्ये छर्रे दिसले की ती प्लेट कोर्टात पुरावा होते. तिथं चित्र वाचणाऱ्याला साक्षीला उभं राहावं लागतं.

गोठेवाला_देवास

ताई, निरोगी म्हशी हव्यात म्हणालात. आमच्याकडे या. शेजारच्या दोन गोठ्यांनाही विचारतो.

रामबागकर (धागाकर्ती)

काका, फार फार आभार. प्रवेश आणि गाईड ठरल्यावर, विद्यापीठाच्या प्राणी आचार समितीची परवानगी आली की लगेच कळवते. मालकाच्या संमतीचा फॉर्म मराठीत आणि हिंदीत करून आधी तुम्हाला दाखवीन. सुई, भूल काही नाही. फक्त छातीखालचे वीतभर केस काढावे लागतील आणि जेल लावावं लागेल. गाभण म्हशी वेगळ्या नोंदवायच्या आहेत, त्यामुळे रेतनाच्या तारखा लागतील.

गोठेवाला_देवास

तारखा सगळ्या वहीत आहेत. धारेची वेळ सोडून या, पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी तेवढंच. दुपारी म्हशी डोहात असतात, तर सकाळी नऊला आलात की त्या कोरड्या मिळतील.